पिण्याच्या पाण्यातील जंतुदोष : अल्प खर्चात परीक्षा कशी करावी?

विहिरीचे पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, त्यात डाळ लवकर शिजते आणि गावाने ते पिढ्यान्‌पिढ्या प्यालेले आहे. एवढ्यावरून ते निर्धोक ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी द्यावे लागते. पाण्याचा गढूळपणा डोळ्यांना दिसतो, खारटपणा जिभेला कळतो, कुजट वास नाकाला जाणवतो. परंतु पटकी, विषमज्वर, हगवण यांसारख्या रोगांचे जंतू इतके सूक्ष्म असतात की, पेलाभर नितळ पाण्यात ते हजारोंच्या संख्येने असले तरी पाण्याच्या रंगात, वासात वा चवीत तिळमात्र फरक पडत नाही. सबब, पाण्याची खरी परीक्षा केवळ डोळ्यांच्या व जिभेच्या भरवशावर करता येत नाही. ती खेड्यात राहून, अल्प खर्चात आणि विशेष शिक्षणाशिवाय कशी करता येईल, तिच्यावर कितपत विसंबावे आणि परीक्षेत दोष आढळल्यास पुढे काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खानापूर तालुक्याची विशेष परिस्थिती

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याला पाण्याची वाण नाही. कणकुंबी येथे उगम पावलेली मलप्रभा याच तालुक्यातून वाहत पुढे कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेस उतरून गोव्यात मांडवी या नावाने ओळखली जाते. कणकुंबी, जांबोटी या पश्चिमेकडील घाटमाथ्याच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने पावसाची अखंड झड असते. गावोगावी विहिरी आहेत, झरे आहेत, ओहोळ आहेत. अलीकडच्या काळात कूपनलिका व नळयोजनाही आल्या आहेत.

तथापि, उदंड पाणी आणि शुद्ध पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. तालुक्याच्या पश्चिम भागातील जमिनीत जांभा दगड मोठ्या प्रमाणावर आहे. जांभा हा सच्छिद्र असतो. बारीक वाळूच्या थरातून पाणी झिरपताना ते पुष्कळसे गाळले जाते; जांभ्याच्या भोकांतून व फटींतून मात्र ते वेगाने वाहत खाली जाते व त्याला गाळले जाण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही. यामुळे पहिल्या जोरदार पावसाबरोबर परसातील, गोठ्यातील व उघड्या रानातील घाण थेट विहिरीच्या झऱ्यापर्यंत पोहोचण्याचा संभव असतो. पहिल्या पावसानंतरच्या दिवसांत लहान मुलांना जुलाब होऊ लागले की, ‘नवे पाणी बाधले’ असे जुनी माणसे म्हणतात. या उक्तीत अनुभवाचे सार आहे. बाधते ते पाण्याचे नवेपण नव्हे, तर त्याबरोबर वाहून आलेली विष्ठा व तीतील जंतू, एवढेच शास्त्राने त्यात भर घालून सांगितले आहे.

दुसरी अडचण अंतराची. खानापूरहून बेळगाव सुमारे २५ किलोमीटरवर आहे. परंतु भीमगड अभयारण्याच्या परिसरातील वाड्यांतून आधी खानापूर गाठणे हेच पावसाळ्यात मोठे काम असते. ओढ्यांना पूर आला की वाट बंद होते. पाणी तपासण्याची गरज ज्या दिवसांत सर्वाधिक, नेमक्या त्याच दिवसांत प्रयोगशाळा सर्वांत दूर जाते, अशी ही स्थिती आहे.

जंतूंचा माग कसा काढतात?

पाण्यातून रोग पसरतात हे आज सर्वश्रुत असले तरी ते सिद्ध होण्यास फार दिवस लोटले. सन १८५४ मध्ये लंडनमधील पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी रोग्यांची घरे नकाशावर मांडून एका विशिष्ट पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले. सन १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी आपल्या देशात, कलकत्ता येथे, पटकीच्या जंतूंचा अभ्यास केला आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना ते आढळले. पुढील वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, थिओडोर एशरिक यांनी मानवी आतड्यात सदैव वास करणाऱ्या एका जंतूचे वर्णन केले. त्यांच्याच नावावरून तो आज ‘ई. कोलाय’ म्हणून ओळखला जातो.

पाण्याच्या परीक्षेत या ई. कोलायला विशेष महत्त्व आहे व त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात पटकीचे जंतू आहेत काय, विषमज्वराचे आहेत काय, हगवणीचे आहेत काय, असा एकेकाचा शोध घेणे खर्चाचे व वेळखाऊ असते. शिवाय गावात आज कोणी रोगी नसेल तर ते जंतू आज सापडणारही नाहीत. उद्या रोगी आला की उद्या येतील. याउलट ई. कोलाय हा प्रत्येक निरोगी माणसाच्या आणि गुराढोरांच्याही आतड्यात अगणित संख्येने असतो. तो पाण्यात आढळला याचा अर्थ विष्ठेपासून पाण्यापर्यंत वाट मोकळी आहे. आज त्या वाटेने निरुपद्रवी जंतू आले, उद्या त्याच वाटेने रोगजंतू येतील. चोर दिसला नाही तरी कुंपणाला पडलेले खिंडार दिसावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच भारतीय मानक १०५०० (सन २०१२) नुसार पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलीटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये, असा दंडक आहे.

प्रयोगशाळेत ही परीक्षा दोन प्रकारे केली जाते. एकात पोषक द्रव भरलेल्या अनेक नळ्यांमध्ये पाणी घालून कितींत जंतू वाढतात यावरून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधतात. दुसऱ्यात अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळून पडद्यावर वाढलेले जंतूंचे ठिपके मोजतात. दोन्ही पद्धती विश्वसनीय आहेत. परंतु त्यांसाठी निर्जंतुक बाटलीत घेतलेला नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. तेथे नियंत्रित उष्णतेची पेटी व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो आणि निष्कर्ष हाती येण्यास एकापासून तीन-चार दिवसांपर्यंत वेळ लागतो. रानातील वाडीवरून हे साधावे कसे?

ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आपल्याच देशात शोधले गेले. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील मांजा, मौर्य व राव या तीन शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एका साध्या क्षेत्र-परीक्षेची माहिती प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेपासून दूर असतानाही पिण्याचे पाणी विष्ठेने दूषित आहे किंवा नाही हे ओळखता यावे, हा त्यांचा हेतू होता. ही परीक्षा पुढे ‘हायड्रोजन सल्फाइड परीक्षा’ अथवा बोलीभाषेत ‘एच-टू-एस बाटली’ या नावाने अनेक देशांत पोहोचली.

तिचे तत्त्व असे : विष्ठेबरोबर पाण्यात उतरणारे कित्येक जंतू गंधकयुक्त पदार्थांपासून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार करतात. सडलेल्या अंड्याला जो दुर्गंध येतो तो याच वायूचा. या वायूचा लोहाच्या क्षाराशी संयोग झाला की काळाकुट्ट लोह-सल्फाइड तयार होतो. शास्त्रज्ञांनी जंतूंचे खाद्य असलेले पेप्टोन, गंधक पुरविणारे सोडियम थायोसल्फेट, लोह पुरविणारा फेरिक अमोनियम सायट्रेट हा क्षार आणि आणखी एक-दोन द्रव्ये यांचे मिश्रण कागदाच्या घडीत मुरवून ती घडी छोट्या बाटलीत निर्जंतुक करून वाळविली. परीक्षेच्या वेळी करावयाचे एवढेच की, बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरावे, झाकण लावावे आणि उबदार जागी ठेवावे. दुसऱ्या दिवशी पाणी काळे पडले तर ते पिण्यास अयोग्य समजावे.

यातील थायोसल्फेट दुहेरी काम करते. ते जंतूंना गंधक पुरविते; शिवाय पाण्यात जंतुनाशक क्लोरीन शिल्लक असल्यास त्याचा प्रभाव नाहीसा करते. त्यामुळे पाणी बाटलीत पडले त्या क्षणी त्यात जिवंत जंतू होते किंवा नव्हते, याचाच निर्णय मिळतो.

या परीक्षेचा आणखी एक गुण आपल्या भागात विशेष मोलाचा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल एका भाषेत येतो, त्यातील आकडे व संज्ञा दुसऱ्यालाच कळतात आणि ज्यांनी ते पाणी प्यावयाचे त्यांच्यापर्यंत अर्थ पोहोचता पोहोचता आठवडा जातो. बाटलीचा काळा रंग मात्र कन्नड वाचणाऱ्यास, मराठी वाचणाऱ्यास आणि अक्षरओळख नसलेल्या आजीबाईसही सारखाच कळतो.

परीक्षेची रीत

बाटल्या घरी तयार करण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्या निर्जंतुक असणे हाच परीक्षेचा पाया आहे. म्हणून तयार, मोहोरबंद व मुदतीच्या आतील बाटल्याच वापराव्यात. एका बाटलीस मोजकेच रुपये पडतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी-तपासणीचे प्रशिक्षण देण्याची व त्यांच्या हाती क्षेत्र-परीक्षा संच देण्याची तरतूद आहे. अशा संचाविषयी व बाटल्यांविषयी ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी.

परीक्षेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बाटलीचे झाकण पाणी भरण्याच्या क्षणीच उघडावे. झाकणाच्या आतील बाजूस वा बाटलीच्या तोंडास बोट लागू देऊ नये. झाकण जमिनीवर ठेवू नये.

२. नळाचे पाणी घ्यावयाचे असल्यास तोटी पुसून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे व मगच भरावे. हातपंप असल्यास काही वेळ उपसून पाणी टाकून द्यावे. विहिरीचे पाणी घेण्यासाठी लहानसे धातूचे भांडे पंधरा मिनिटे पाण्यात उकळून घ्यावे व ते स्वच्छ दोरीने आत सोडावे.

३. बाटली नेमकी खुणेपर्यंत भरावी, झाकण घट्ट लावून हलवावी आणि तीवर ठिकाण, तारीख व वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

४. बाटली ३० ते ३७ अंश सेल्सियस उष्णतेत ठेवावी. उन्हाळ्यात घरातील साधी जागा पुरते. पावसाळ्यात व थंडीत मात्र खानापूरच्या हवेत एवढी ऊब नसते. अशा वेळी बाटली कापडात गुंडाळून चुलीच्या वैलापासून थोड्या अंतरावर, हाताला कोमट लागेल अशा जागी ठेवावी. फार तापल्यास जंतू मरतात व निष्कर्ष खोटा ठरतो, हे ध्यानात असू द्यावे.

५. बाटली १२, २४ व ४८ तासांनी पाहावी. हवा गार असता २४ तासांत पाणी काळे पडले नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. ४८ तास वाट पाहावी. साधारणतः जितक्या लवकर काळेपणा येईल तितका दोष अधिक समजावा.

६. सोबत एका बाटलीत उकळून गार केलेले पाणी भरून ठेवावे. ती बाटली काळी पडता कामा नये. पडल्यास बाटल्यांत अथवा हाताळणीत दोष आहे असे समजून परीक्षा पुन्हा करावी.

७. परीक्षा संपलेल्या बाटलीत जंतूंची भरमसाट पैदास झालेली असते. ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. तीत ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण ओतून काही तास ठेवावे व नंतर विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावे. हात पुन्हा धुवावेत.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. नमुना केवळ विहिरीचा वा नळाचा घेऊन थांबू नये. त्याच पाण्याचा घरातील माठातीलही नमुना घ्यावा. खानापूरची माती व तेथील कुंभारकाम प्रसिद्ध आहे; खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. माठाचे पाणी गार व रुचकर असते यात शंका नाही. परंतु त्यात तांब्या बुडवताना बोटे बुडतात, तेव्हा नळाशी निर्मळ असलेले पाणी घरात येऊन दूषित होते. नळाची बाटली स्वच्छ आणि माठाची काळी, असा निष्कर्ष आल्यास दोष नळयोजनेचा नसून हाताळणीचा आहे. त्यावर उपाय सोपा आहे : लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, अथवा माठाला तोटी बसवून घ्यावी, माठ झाकून ठेवावा व दररोज आतून धुवून भरावा.

परीक्षेच्या मर्यादा

कोणत्याही साधनाचा उपयोग त्याच्या मर्यादा जाणूनच करावयास हवा. या बाटलीच्या मर्यादा तीन आहेत.

पहिली अशी की, ही परीक्षा प्रत्यक्ष ई. कोलायची नव्हे. बहुतेक ई. कोलाय हा वायू तयारच करीत नाहीत. बाटली काळी पडते ती आतड्यातील त्यांच्या इतर सोबत्यांमुळे. त्यातच काही जंतू विष्ठेशी संबंध नसतानाही हा वायू निर्माण करतात आणि काही भूजलात तो मुळातच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये या परीक्षेचा सविस्तर आढावा घेऊन याच कारणास्तव सावधगिरी सुचविली. सबब, या बाटलीस अंतिम निवाडा न मानता धोक्याची पहिली सूचना मानावे व काळ्या ठरलेल्या पाण्याचा नमुना शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पाठवावा. बाटलीत पाणी भरताच, तास-दोन तासांतच ते काळे पडले, तर जंतूंऐवजी पाण्यातील मूळच्या सल्फाइडचा संशय घ्यावा.

दुसरी मर्यादा विषाणूंची. कावीळ पसरविणारे विषाणू जंतूंहूनही सूक्ष्म व अधिक चिवट असतात. सन १९५५-५६ च्या सुमारास दिल्लीत याचा कटू प्रत्यय आला. यमुनेच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी शिरले. वेळीच क्लोरीनचे प्रमाण वाढविण्यात आल्याने विषमज्वर व हगवण यांची साथ आली नाही. परंतु काही आठवड्यांनी काविळीचे सुमारे २९ हजार रोगी आढळले. जंतू मेले होते, विषाणू उरले होते. म्हणून गावात काविळीचे रोगी दिसू लागल्यास बाटली स्वच्छ राहिली तरी पाणी उकळूनच प्यावे.

तिसरी मर्यादा रासायनिक दोषांची. फ्लोराइड, नायट्रेट, लोह यांविषयी ही बाटली काहीही सांगत नाही. त्यांसाठी वेगळी तपासणी लागते. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व जंतुविषयक तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा होणे अपेक्षित आहे.

आणखी काही स्वस्त उपाय

नळयोजनेच्या पाण्यासाठी सर्वांत जलद परीक्षा म्हणजे शिल्लक क्लोरीनची. एका छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास रंग उमटतो. ऑर्थोटोल्युडिन हे औषध वापरल्यास पिवळा रंग येतो. हीच गावोगावी परिचित असलेली ‘ओटी टेस्ट’. डीपीडी हे औषध वापरल्यास गुलाबी रंग येतो. शेवटच्या घराच्या नळाला दर लीटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे मानक आहे. ही परीक्षा जंतू दाखवीत नाही, जंतूंविरुद्धचा पहारेकरी जागेवर आहे काय एवढेच दाखविते. पण ते मिनिटाभरात दाखविते व दररोज दाखवू शकते. परीक्षेसाठी घेतलेले पाणी मात्र प्यावयाचे नसते व ऑर्थोटोल्युडिन हातास लागू द्यावयाचे नसते.

ज्यांना ई. कोलायचीच खात्री करून घ्यावयाची आहे त्यांच्यासाठी नव्या पद्धतीची तयार पूडही मिळते. ती घातलेले पाणी दिवसभर उबेत ठेवल्यावर पिवळे झाले तर त्यात त्या कुळातील जंतू आहेत आणि जंबुपार किरणांच्या दिव्याखाली ते निळसर चमकले तर ई. कोलाय आहे, असे समजते. याच तत्त्वावर पाच कप्प्यांची एक पिशवीही निघाली आहे. किती कप्प्यांचा रंग बदलला यावरून जंतूंच्या संख्येचा अंदाज येतो. ही साधने बाटलीपेक्षा महाग असली तरी तालुका पातळीवर उपयुक्त ठरतात.

आणि सर्वांत स्वस्त परीक्षा म्हणजे स्रोताची डोळसपणे केलेली पाहणी. तीस एक पैसाही लागत नाही. विहिरीस कठडा आहे काय? सभोवतीचा ओटा फुटला आहे काय? सांडलेले पाणी परत आत झिरपते काय? विहिरीपासून १५ मीटरच्या आत शौचकूप, उकिरडा वा गोठा आहे काय? नळाची वाहिनी गटारातून गेली आहे काय? टाकीला झाकण आहे काय? ती शेवटची केव्हा धुतली? महाराष्ट्रात अशाच पाहणीवरून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे व लाल कार्ड देण्याची पद्धत रूढ आहे. बाटली दोष आहे एवढेच सांगते. तो कोठून आला हे पाहणीनेच कळते. दोहोंची सांगड घातल्याशिवाय काम पुरे होत नाही.

बाटली काळी पडल्यास काय करावे?

प्रथम त्याच दिवसापासून पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. उकळी फुटल्यानंतर निदान एक मिनिट ती तशीच राहू द्यावी व पाणी त्याच भांड्यात झाकून गार करावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांच्या बाबतीत हयगय नसावी. अंगणवाडी व शाळा येथील पाण्याची व्यवस्था सर्वांत आधी पाहावी.

त्यानंतर विहिरीचे निर्जंतुकीकरण करावे. फार पूर्वी यासाठी विहिरीत ‘लाल औषध’, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकीत असत. आग्रा येथील शास्त्रज्ञ हँकिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटकीविरुद्ध त्याचा पुरस्कार केला होता. आता त्याची शिफारस केली जात नाही. त्याची जागा ब्लीचिंग पावडरने, म्हणजे गावकऱ्यांच्या परिचयाच्या टीसीएल पावडरने घेतली आहे. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लीटर पाण्यास साधारणतः अडीच ग्रॅम लागते. विहिरीतील पाणी मोजण्याचा हिशेब असा : व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. मापे मीटरमध्ये घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते व एक घनमीटर म्हणजे हजार लीटर. समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर आहे. ३ × ३ × ४ × ३.१४ भागिले ४ म्हणजे २८.२६ घनमीटर, अर्थात सुमारे २८ हजार लीटर पाणी झाले. त्यास सुमारे ७१ ग्रॅम पावडर लागेल. इयत्ता सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांस हा हिशेब सहज करता येईल व गणिताच्या तासाला याहून उपयुक्त उदाहरण सापडणे कठीण.

पावडर कोरडी कधीही विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेज करावी, मग पाणी वाढवून ढवळावे व पाच-दहा मिनिटे निवळू द्यावे. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडून वरखाली हलवावी. तळाचा चुना खड्ड्यात टाकावा. हे काम रात्री केल्यास पाणी न उपसता औषधास अवधी मिळतो. किमान एक तास तरी पाणी भरू नये. त्यानंतर ओटी टेस्ट घ्यावी व क्लोरीन न आढळल्यास पुन्हा मात्रा द्यावी. उघड्या पोत्यात दीर्घकाळ पडून राहिलेल्या पावडरीचा कस गेलेला असतो, हे वॉटरमनने ध्यानात ठेवावे.

हा उपाय तात्पुरता आहे. ओटा दुरुस्त केला नाही, गटार वळविले नाही, तर पुढच्या सरीबरोबर दोष परत येईल. म्हणून दुरुस्तीनंतर आठवड्याने नवी बाटली भरून पाहावी आणि ती स्वच्छ राहिली तरच काम संपले असे समजावे.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. बाटली काळी पडली की, वरच्या वाडीने खालच्या वाडीचे पाणी नासविले, अमक्या वस्तीच्या घागरीने विहीर बाटली, वॉटरमनने कामचुकारपणा केला, अशी बोलणी सुरू होतात. मग पुढच्या वेळी बाटली भरावयास कोणी पुढे येत नाही आणि पाणी पूर्ववत दूषितच राहते. जंतूंना जात नसते व वाडीही नसते. विष्ठेपासून पाण्यापर्यंतची वाट तेवढी त्यांना लागते. ती वाट शोधून बुजविणे हाच परीक्षेचा हेतू आहे, कोणास दोषी ठरविणे हा नव्हे. निष्कर्ष लपविणारे गाव हे दूषित पाणी पिणारे गाव होय. तद्वतच, काळी बाटली घेऊन आलेल्या भगिनीस कार्यालयाच्या दारातून परत पाठविणाऱ्या अधिकाऱ्यानेही हे ध्यानी घ्यावे की, तिने त्यांचेच काम केले आहे.

शिक्षक व ग्रामस्थ यांना विनंती

प्रत्येक शाळेने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत तारीख, पाण्याचा स्रोत, आदल्या दिवशी पाऊस होता किंवा कसे, बाटली किती तासांनी काळी पडली, गावात जुलाबाचे रोगी होते काय व कोणता उपाय केला, एवढेच रकाने असावेत. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या म्हणजे कोणती विहीर कोणत्या महिन्यात दगा देते हे गावास स्वतःच कळेल आणि दुरुस्तीची मागणी करताना पंचायतीपुढे ठेवण्यास पुरावाही हाती राहील. ही नोंदवही ग्रामसभेत वाचून दाखवावी. आशा कार्यकर्ती व आरोग्य सहाय्यक यांनी आपल्या भेटीत ती अवश्य पाहावी.

वर्षातून किमान चार वेळा बाटल्या भराव्यात : मृगापूर्वी एकदा, पहिल्या जोरदार पावसानंतर आठवड्याच्या आत एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा आणि विहिरींचा तळ दिसू लागतो त्या उन्हाळ्यात एकदा. यात्रा, लग्नसराई अथवा पूर या प्रसंगी अधिक वेळा. यांपैकी पहिल्या पावसानंतरची परीक्षा कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. वाट बंद होण्यापूर्वीच वाडीवर सहा बाटल्या, टीसीएल पावडरीचा हवाबंद डबा व ओटी टेस्टची कुपी पोहोचती करून ठेवावी. ज्या दिवशी ओढा ओलांडून कोणास येता येणार नाही, त्या दिवशी तिचा उपयोग होईल.